पाहुण्यांच्या देशात बिऱ्हाड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

थायलंडची सहल करून आलेल्या मंडळींच्या मनात एक विचार हटकून डोकावतो. निवृत्तीनंतर इथंच येऊन राहिलं तर? मुंबईहून विमानानं चार-साडेचार तासांची वाट, हवा आपल्या कोकणासारखी, बाजारात फणस, पपई, केळी, नारळ, माणसं हसतमुख आणि खर्चही युरोप-अमेरिकेच्या मानानं आटोक्यातला. मग काय हरकत आहे? यजमानांच्या नोकरीमुळे मी २००५ ते २०१७ अशी बारा वर्षं बँकॉकमध्ये संसार केला. त्यामुळे हा प्रश्न अनेक जण माझ्याकडे घेऊन येतात. एका वाक्यात उत्तर देणं मला कधी जमलं नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. सुमारे सात कोटी वस्तीच्या या देशात २०१९ साली जवळजवळ चार कोटी परदेशी पर्यटक आले. म्हणजे पाहुण्यांची सरबराई हा तिथला केवळ स्वभाव नाही, तो मोठा व्यवसायही आहे. पर्यटकाचा संबंध येतो हॉटेलशी, समुद्राशी आणि बाजाराशी. रहिवाशाचा संबंध येतो घरमालकाशी, बँकेशी, इस्पितळाशी आणि सरकारी कचेरीशी. देश तोच असतो, पण त्याची ही दोन दारं निरनिराळ्या गल्ल्यांत उघडतात.

मराठी माणसाला तिथं पहिल्या काही महिन्यांत फार आपलेपणा वाटतो, आणि त्याला कारणही आहे. विमानतळाचं नावच सुवर्णभूमी. जुन्या राजधानीचं नाव अयुथया, म्हणजे अयोध्या. थाई भाषेत संस्कृत आणि पालीतून आलेले शब्द जागोजागी भेटतात. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला गुरू. प्राध्यापक म्हणजे ‘आचान’, आपले आचार्य. टेलिफोनला ‘थोरसाप’ म्हणतात, त्यात दूर आणि शब्द असे दोन ओळखीचे शब्द लपलेले आहेत. रविवार ‘आथित’ म्हणजे आदित्यवार, सोमवार ‘चान’ म्हणजे चंद्राचा. शाकाहाराला ‘मांगसविरत’ म्हणतात. त्याची फोड करून सांगायला नको. एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना येणारा पाण्याचा सण ‘सोंगक्रान’ हा शब्द आपल्या संक्रांतीचाच भाऊ. गणपती तर ‘फ्रा फिकनेत’ या नावानं कलांचा देव म्हणून पुजला जातो, आणि तिथल्या सरकारी ललितकला विभागाच्या बोधचिन्हावर तोच विराजमान आहे.

घरोघरी अंगणात एका खांबावर छोटंसं देवघर दिसतं. त्याला ‘सान फ्रा फूम’ म्हणतात. ‘फूम’ म्हणजे भूमी. त्या जागेचा जो राखणदार, त्याला रोज फुलं, उदबत्ती, पाणी ठेवायचं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वयानं मोठ्या अनोळखी माणसालाही ‘फी’ म्हणजे दादा किंवा ताई म्हणायचं आणि धाकट्याला ‘नोंग’. चपला दाराबाहेर काढायच्या, वडीलधाऱ्यांपुढे पाय पसरून बसायचं नाही. हे सगळं आपलंच की, असं वाटून मन सैल होतं.

पण ओळखीचे शब्द दिसले म्हणजे भाषा आली असं होत नाही. थाई भाषेत पाच सूर आहेत. ‘माय’ हा एकच उच्चार सूर बदलला की नवं, नाही, लाकूड, रेशीम अशा निरनिराळ्या अर्थांचा होतो. लिपीत ४४ व्यंजनं आहेत. त्यांचा क्रम आपल्या क, ख, ग सारखाच आहे, कारण ती लिपीही ख्मेरमार्गे दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीकडूनच आलेली. तरी ती वाचायला शिकण्यात माझं पहिलं वर्ष गेलं. ते वर्ष सत्कारणी लागलं असं मी आजही म्हणते. पर्यटनस्थळी इंग्रजीवर भागतं. औषधाच्या पाकिटावर, भाड्याच्या करारात आणि सरकारी नोटिशीत मात्र थाईच असते, आणि वाचता न येणाऱ्याला दर वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे पाहावं लागतं.

आता ज्या शब्दाशी मला येऊन थांबायचं आहे, तो शब्द सांगते. गोऱ्या परदेशी माणसाला थाई लोक ‘फरांग’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘फिरंगी’ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. भारतीय माणसाला मात्र ‘खॅक’ म्हणतात. बाजारात पाठीमागून हा शब्द ऐकू येई तेव्हा सुरुवातीला मला तो टोमणा वाटायचा, आणि कधी कधी तो तसा वापरलाही जातो. पण त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे पाहुणा. बारा वर्षांच्या मुक्कामाचं सार काय, असं कुणी विचारलं तर मी याच शब्दाकडे बोट दाखवीन. त्या देशाचा कायदा आपल्याला पाहुणाच मानतो. सात दिवसांसाठी आलात तरी पाहुणे, सतरा वर्षं राहिलात तरी पाहुणेच.

हे कसं, ते पाहू. पर्यटक म्हणून जाणं दिवसेंदिवस सोपं होत गेलं. नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला, जुलै २०२४मध्ये ती मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवली. अशा सवलती सरकारच्या सोयीनं कमीजास्त होत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजा नियम पाहावाच लागतो. राहण्याची गोष्ट मात्र निराळी. निवृत्त माणसासाठी जी रूढ वाट आहे, तिला वयाची ५० वर्षं पूर्ण लागतात आणि थाई बँकेत आठ लाख बाट ठेव, किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. आठ लाख बाट म्हणजे आपले वीस लाख रुपयांहून अधिक. एवढं केल्यावर परवानगी मिळते ती एका वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा तीच कागदपत्रं, तीच रांग. २०१९पासून ठेवीचा नियम आणखी कडक झाला. अर्जाच्या आधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण आठ लाख, आणि उरलेल्या काळातही चार लाखांच्या खाली शिल्लक जाता कामा नये.

शिवाय दर ९० दिवसांनी ‘मी अमुक पत्त्यावर राहतो’ असं इमिग्रेशन कचेरीला कळवायचं. तुम्ही घरी राहायला आलात की घरमालकानंही २४ तासांत तुमची वर्दी द्यायची. वर्षाच्या मुदतीत भारतात लग्नकार्याला यायचं झालं तर निघण्याआधी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यायचा. तो न घेता देश सोडला तर हाती असलेली वर्षाची परवानगी संपुष्टात येते. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २० हजार, आणि मुक्काम ९० दिवसांहून अधिक लांबला असेल तर पुढं काही काळ प्रवेशबंदी. कायम वास्तव्याचा परवाना नाही असं नाही, पण तो एका देशाच्या नागरिकांपैकी वर्षाला जास्तीत जास्त शंभर जणांनाच मिळतो, आणि त्यासाठी आधी सलग तीन वर्षांची वार्षिक परवानगी लागते.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही फुकट बसणार नाही, छोटंसं काम करू. इथं दुसरी भिंत लागते. निवृत्तीच्या परवानगीवर नोकरी-धंदा करता येत नाही. कामासाठी वेगळा व्हिसा आणि वेगळं वर्क परमिट लागतं, आणि ते त्या ठरावीक मालकाशी आणि कामाशी जोडलेलं असतं. १९७९ साली परदेशी माणसांना मना असलेल्या ३९ व्यवसायांची यादी निघाली. पुढं तिच्यात फेरबदल झाले, काही कामं सैल झाली. तरी केस कापणं, पर्यटकांना वाट दाखवणं, रस्त्यावर माल विकणं, थाई मालिश, इतकंच काय, भिक्षूंची भिक्षापात्रं घडवणं ही कामं थाई माणसासाठीच राखून ठेवलेली आहेत. मी यजमानांवर अवलंबून असलेली पत्नी म्हणून राहत होते. जवळच्या एका बालवाडीत मोफत शिकवायची माझी फार इच्छा होती. पण तिथल्या कायद्यात पैसे न घेता केलेलं कामही कामच, त्यालाही परमिट हवं. बारा वर्षं मी शिकले पुष्कळ, शिकवलं मात्र स्वतःच्या मुलांनाच.

तिसरी भिंत जमिनीची. परदेशी माणसाला थायलंडमध्ये सर्वसाधारणपणे जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण त्या संकुलातल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, आणि त्यासाठीचे पैसे परकीय चलनात बाहेरून आणावे लागतात. जमीन भाडेपट्ट्यानं घेता येते, ती जास्तीत जास्त ३० वर्षांसाठी. ‘एक कंपनी काढू, थाई भागीदार नावापुरते ठेवू, मग बंगला आपलाच’ असा सल्ला देणारे दलाल किनाऱ्यावरच्या गावांत भेटतात. असे नामधारी भागीदार ठेवणं बेकायदा आहे. प्रकरण उघडकीला आलं तर बंगला, पैसा आणि मुक्काम तिन्ही धोक्यात येतात.

हे ऐकून कुणाला राग येतो. मला तो कधी आला नाही, कारण त्यामागचा इतिहास मी वाचला. ब्रह्मदेश आणि मलाया इंग्रजांनी घेतले, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया फ्रेंचांनी. मधला सयाम तेवढा पारतंत्र्यात गेला नाही, पण त्याची किंमत त्यानं मोजली. १८५५च्या बाउरिंग करारानं इंग्रज प्रजाजनांना सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवलं, मग इतर देशांनीही तशीच सवलत मागून घेतली. १८९३, १९०७ आणि १९०९ साली मोठे प्रदेश फ्रेंच आणि इंग्रजांना सोडून द्यावे लागले. परका माणूस आधी व्यापाराला येतो आणि मग जमीन मागतो, हा धडा ज्या देशानं शेजाऱ्यांच्या घरात पाहिला, तो जमिनीला जपणारच. आपल्याकडेही शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. नियमामागची भीती ओळखीची असली की नियम टोचत नाही. पण टोचत नाही म्हणून तो नाहीसा होत नाही.

या सगळ्याचा खरा कस लागतो तो आजारपणात. आमच्याच इमारतीत विदर्भातलं एक निवृत्त जोडपं राहत असे. दोघंही हौशी आणि काटकसरी. गावाकडचा फ्लॅट विकून त्यांनी ठेवीचे आठ लाख बाट उभे केले होते. दर वर्षी परवानगी वेळेवर, दर ९० दिवसांची वर्दी वेळेवर. सत्तरी जवळ आली तसा आरोग्यविम्याचा हप्ता वाढत गेला, तेव्हा त्यांनी विमा बंद केला. पुढच्याच पावसाळ्यात काकू न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया उत्तम झाली, तिथल्या परिचारिकांनी काकूंना आईसारखं जपलं. पण बिल भागवायला हात घालावा लागला तो ठेवीत. काकू काठी घेऊन चालू लागल्या तोवर वार्षिक परवानगीची तारीख आली, आणि खात्यात आठ लाख नव्हते. मुलानं कर्ज काढून पैसे पाठवायची तयारी दाखवली, काकांनी नको म्हटलं. एकाहत्तराव्या वर्षी ते दोघं मायदेशी परतले, ते भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. फक्त ज्या ठेवीला ते अडीअडचणीचा पैसा समजत होते, ती अडीअडचणीची नव्हती. ती मुक्कामाची किंमत होती.

थायलंडची सार्वजनिक आरोग्ययोजना नावाजलेली आहे. २००१ साली सुरू झालेली ‘तीस बाट’ योजना जगभरातले जाणकार अभ्यासतात. पण ती थाई नागरिकांसाठी आहे. निवृत्त परदेशी माणसाला तिचा आधार नाही. भाड्याची मोटारसायकल घेऊन बेटावर हिंडणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं. योग्य परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

निसर्गाचंही तसंच. पर्यटक चांगला मोसम निवडून येतो, रहिवाशाला बाराही महिने काढावे लागतात. फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पावसाळा, सामुई बेटाकडे तो जोर ऑक्टोबर ते डिसेंबरात. उत्तरेतलं चियांग माय थंडीत सुरेख असतं, पण फेब्रुवारी ते एप्रिल जंगल आणि शेतातले धसकट जाळल्याच्या धुरानं डोंगर दिसेनासे होतात. २०११च्या महापुरात अयुथयेजवळच्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या, त्यात यजमानांचा कारखानाही होता. देशभरात आठशेहून अधिक माणसं दगावली. बँकॉकमध्ये लोकांनी मोटारी उड्डाणपुलांवर नेऊन ठेवल्या, दुकानांतून पाण्याच्या बाटल्या गायब झाल्या. पर्यटक पुढचं विमान पकडून गेले. आम्ही शेजाऱ्यांबरोबर वाळूची पोती रचली. त्या आठवड्यात शेजारच्या बाईंनी मला ‘खॅक’ न म्हणता ‘फी’, म्हणजे ताई, म्हणून हाक मारली. पोळीभाजीचा डबा एकीकडून आणि भाताचा दुसरीकडून असा जो सुरू झाला, तो आम्ही देश सोडेपर्यंत चालला.

मग २०२० साल आलं. तोवर आम्ही भारतात परतलो होतो, पण मैत्रिणींचे फोन येत. एप्रिलपासून प्रवासी विमानं बंद झाली. वर्षाकाठी चार कोटींच्या जवळ गेलेली पर्यटकांची संख्या २०२१मध्ये साडेचार लाखांच्याही खाली आली. पर्यटकांवर पोट असलेली किनाऱ्यावरची गावं ओस पडली. पाहुण्यांवर चालणाऱ्या देशात राहायला जाताना, पाहुणे आले नाहीत तर इथलं काय होईल, हा विचार करावाच लागतो.

तिथं नांदायचं तर स्वभावालाही थोडी मुरड घालावी लागते. थाई भाषेत ‘क्रेंग चाय’ असा एक शब्द आहे. आपल्या ‘भीड’ या शब्दाच्या तो पुष्कळ जवळ जातो. दुसऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून माणूस ‘नाही’ म्हणत नाही, आवाज चढवत नाही. आपण दुकानात मोठ्यानं घासाघीस करतो, कचेरीत टेबलावर हात आपटतो. तिथं आवाज चढला की काम थांबलंच म्हणून समजा. राजघराण्याविषयी बोलताना तर फार जपावं लागतं. दंडविधानाच्या ११२व्या कलमाखाली राजाच्या अवमानाला एका गुन्ह्यामागं तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे, आणि ते परदेशी माणसालाही लागू होतं.

तर मग जावं की न जावं? ज्यांना जायचं आहे त्यांना मी अडवत नाही. एवढंच सांगते, आधी सहा महिने भाड्याच्या घरात राहून पाहा, तेही पर्यटकांच्या मोसमात नव्हे, पावसात किंवा एप्रिलच्या उन्हात. इथलं घर विकू नका. आठ लाख बाट बाजूला ठेवल्यावर आजारपणासाठी वेगळी रक्कम उरते का ते कागदावर मांडा, आणि सत्तरीनंतरचा विम्याचा हप्ता आजच विचारून घ्या. वर्षातून १८० दिवस तिथं राहिलात तर करदाते म्हणूनही तुम्ही तिथले रहिवासी ठरता, आणि २०२४पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नाकडे तिथल्या करखात्याचं लक्ष आहे. निघण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्या. तिथल्या मालमत्तेचं मृत्युपत्र तिथल्या कायद्याप्रमाणं वेगळं करा आणि त्याची प्रत मुलांपाशी ठेवा. आणि लिपी शिका. निदान औषधाचं पाकीट आणि बसची पाटी वाचता येईल इतकी तरी.

पाहुणा म्हणून राहण्यात कमीपणा नाही. चांगला पाहुणा यजमानाच्या घरात वर्षानुवर्षं सुखानं राहू शकतो, त्याच्यावर माणसं जीवही लावतात. त्यानं फक्त त्या घराच्या सातबाऱ्यावर आपलं नाव शोधू नये, आणि परतीच्या भाड्याचे पैसे कनवटीला सुटे ठेवावेत.